हा डबा कुठला पत्ता वाचतो?

"ताई, नेट येईना झालंय बघा."

सकाळी साडेनऊ, निपाणीच्या एका पतसंस्थेतून फोन. काउंटरवर माणसं उभी आणि मॅनेजर घामाघूम. गाडी काढायच्या आधी मी फोनवरच तीन गोष्टी विचारते. सगळ्यांचंच गेलंय की एकाचंच? बाहेरचंच गेलंय की आतला प्रिंटरसुद्धा दिसेना? आणि कपाटातल्या स्विचचे, म्हणजे सगळ्या नेटवर्कच्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्याचे, दिवे कसे लुकलुकतायत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, "सगळे एकदमच, माळ लावल्यासारखे." तेवढ्यावर दुखणं कळलं. ते सांगते, पण थोडं मागून सुरुवात करते. नाहीतर उपाय पाठ होईल आणि कारण राहून जाईल.

मी बेळगावातल्या अनगोळची. बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. डिप्लोमा झाल्यावर मी आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग कॉम्प्युटरच्या. आता हाताखाली दोन पोरं आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी एवढ्या भागातल्या पतसंस्था, शाळा, कारखाने, काही दवाखाने यांची नेटवर्कं आमच्याकडं आहेत. नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात क्रिम्पिंग टूल, म्हणजे वायरीच्या टोकाला पिन बसवायची पकड, देत नाही. समोर कुठलाही डबा आला की एकच प्रश्न विचारायची सवय लावते: हा डबा कुठला पत्ता वाचतो?

कारण बाकी कशावरूनच काही ठरत नाही. गिऱ्हाईक सगळ्याला 'वायफाय' म्हणतं, दुकानदार सगळ्याला 'मोडेम' म्हणतो. अँटेना चार आहेत की सहा, रंग पांढरा की काळा, याचा कामाशी संबंध नाही. नेटवर्कवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते. आलेल्या तुकड्यावरचा कुठला पत्ता वाचून डबा पुढचा निर्णय घेतो, त्यावरून तो स्विच की राउटर हे ठरतं आणि बिघडला तर काय बंद पडेल हेही ठरतं.

पुस्तकात नेटवर्कच्या कामाचे सात थर असतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९८४ साली ते मानक काढलं. परीक्षेला सातही पाठ करा. शिडीवर उभं राहून काम करताना मला खालचे तीनच लागतात. पहिला म्हणजे वायर, प्रकाश, रेडिओ. थोडक्यात सिग्नल पोचतो की नाही एवढंच. दुसऱ्यावर मॅक पत्ता, तिसऱ्यावर आयपी पत्ता. जुना हब पहिल्या थरावरचा, त्याला वाचताच येत नाही. एका भोकातून आलेलं बाकी सगळ्या भोकांतून ओकतो. ब्रिज आणि स्विच दुसऱ्या थरावरचे. राउटर तिसऱ्या.

मारुती गल्ली आणि पिनकोड

एका यंत्राला दोन-दोन पत्ते कशाला, हा प्रश्न प्रत्येक पोरगं विचारतं. विचारलं नाही तर मला काळजी वाटते.

बेळगावात मारुती गल्ली आहे. आजूबाजूच्या कितीतरी गावांतही मारुती गल्ली आहे, कारण मारुती सगळीकडं आहे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पाटलांचं घर कुठलं?" विचारलं तर कुणीतरी बोट दाखवतं. तिथं नाव पुरतं. पण तेच नाव लिहून मुंबईहून पत्र टाकलं तर पोस्टाला ते पुरत नाही. त्यासाठी १९७२ च्या १५ ऑगस्टपासून पिनकोड आला. तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी. या सहा आकड्यांतली गंमत बघा: पहिला आकडा ५ दिसला की पत्र कर्नाटक-आंध्र-तेलंगणाच्या बाजूचं. ५९० दिसलं की बेळगाव शहर, ५९१ दिसलं की जिल्ह्यातली बाकीची गावं. मुंबईत पत्र वेगळं करणाऱ्याला शेवटचे तीन आकडे बघायचीही गरज पडत नाही.

मॅक पत्ता म्हणजे गल्लीतलं नाव. ४८ बिटांचा, बारा अक्षर-आकड्यांत लिहिलेला. पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीला मिळालेला, उरलेला त्या कंपनीनं दिलेला. कारखान्यातून यंत्राबरोबरच येतो आणि यंत्र कुठं ठेवलंय हे त्यावरून अजिबात कळत नाही. (हल्लीचे मोबाइल वायफायला जोडताना बनावट मॅक घेतात. त्यामुळं मॅकची यादी करून पाहुण्यांना अडवायचा उद्योग आता करू नका, वेळ जातो.)

आयपी पत्ता म्हणजे पिनकोड. तो जागेवरून मिळतो. तोच लॅपटॉप खानापूरच्या ऑफिसातून उचलून बेळगावला आणला की मॅक तोच राहतो, आयपी बदलतो.

आता वाचत बसू नका, हातातल्या विंडोज कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडा आणि 'आयपीकॉन्फिग', जागा सोडून, तिरकी रेघ आणि 'ऑल' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. चार ओळी शोधा. फिजिकल ॲड्रेस, तो मॅक. आयपीव्ही४ ॲड्रेस. सबनेट मास्क, बहुतेक २५५.२५५.२५५.०. आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या राउटरचा आयपी. या चार ओळी वहीत उतरवा. सगळं चालू असताना उतरवलेल्या या चार ओळी बंद पडल्यावर जेवढ्या कामाला येतात तेवढं दुसरं काही येत नाही.

मास्कचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे सारखे असले तर समोरचा माझ्याच गल्लीतला. १९२.१६८.१.२० ला १९२.१६८.१.१० कडं काही पाठवायचंय. पहिले तीन सारखे, म्हणजे गल्लीतलाच. मग तो गल्लीत हाक मारतो, "१९२.१६८.१.१० कोण आहे? आपला मॅक सांगा." या हाकेला एआरपी म्हणतात, १९८२ पासून तीच पद्धत. ज्याचा तो आयपी आहे तो उत्तर देतो आणि बोलणं सुरू. पण आकडे वेगळे निघाले, समजा ८.८.८.८ कडं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरकडं, जायचंय, तर कॉम्प्युटर ८.८.८.८ ला हाक मारतच नाही. तो गेटवेला हाक मारतो, तुकड्यावर मॅक गेटवेचा लिहितो आणि आयपी मात्र ८.८.८.८ चाच ठेवतो. ही ओळ दोनदा वाचा. मॅक शेजाऱ्याचा, आयपी शेवटच्या माणसाचा. नेटवर्क शिकणाऱ्यांत जे अडतात ते बहुतेक इथंच अडतात.

स्विच कसा शिकतो

स्विच विकत आणून वीज लावली तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. आत एक कोरी वही असते: कुठला मॅक कुठल्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या कुठल्या भोकावर. एखाद्या पोर्टातून तुकडा आला की तो आधी पाठवणाऱ्याचा मॅक बघतो आणि लिहून ठेवतो, "हा तीन नंबरवर." मग ज्याला पाठवायचंय त्याचा मॅक वहीत शोधतो. सापडला तर फक्त त्याच पोर्टातून पाठवतो. नाही सापडला तर जिथून आला ते पोर्ट सोडून बाकी सगळ्यांतून. समोरच्यानं उत्तर दिलं की त्याचाही पत्ता लिहिला जातो. एखादा बराच वेळ बोललाच नाही तर त्याचं नाव खोडतो. बहुतेक स्विचवर ही मुदत ३०० सेकंद असते.

शिकतो पाठवणाऱ्यावरून, पाठवतो घेणाऱ्यावरून. आयपी तो बघतसुद्धा नाही. म्हणून साध्या स्विचला आयपी द्यावा लागत नाही, सेटिंग नसतं आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

सगळ्यांना उद्देशून आलेली हाक, म्हणजे ज्यावर सगळी 'एफ' लिहिलेली असतात, ती स्विच सगळ्या पोर्टांतून पाठवतो. गावात तराळानं दवंडी दिल्यासारखं. एकमेकांना जोडलेले स्विच कितीही असोत, दवंडी सगळ्यांतून फिरते. राउटर लागला की तिथं थांबते. गल्लीची हद्द ती तिथं.

ब्रिज म्हणजे काय मग? हाच. ब्रिज आधी आला, स्विच नंतर. हबच्या काळात एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले की टक्कर होऊन दोघांनाही थोडं थांबून पुन्हा बोलावं लागायचं. माणसं वाढली की नुसत्या टकरा. तेव्हा मधे दोन पोर्टांचा ब्रिज टाकून गल्लीचे दोन भाग करायचे. या बाजूचं बोलणं त्या बाजूला गरज असेल तरच सोडायचं. १९९० मध्ये अमेरिकेत कल्पना नावाच्या कंपनीनं सात पोर्टांचा इथरनेट स्विच आणला. (इथरनेट म्हणजे ऑफिसातल्या वायरींच्या नेटवर्कची नेहमीची पद्धत.) हो, कल्पनाच. संस्थापक विनोद भारद्वाज यांनी बायकोचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली. तर स्विच म्हणजे पुष्कळ पोर्टांचा वेगवान ब्रिज, वेगळी जात नव्हे. हे कळलं की पुस्तकातल्या निम्म्या व्याख्या आपोआप सुटतात.

निपाणीत काय झालं होतं

आदल्या दिवशी रंगकाम झालं होतं. रंगाऱ्यानं टेबल सरकवलं, एक वायर लोंबताना दिसली. त्या भल्या माणसानं ती भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटात खोचून टाकली. दुसरं टोक आधीच टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये होतं, आणि तो छोटा स्विच दुसऱ्या वायरीनं मुख्य स्विचला जोडलेला होता. म्हणजे दोन स्विचमध्ये दोन वाटा. वर्तुळ तयार.

आता एक दवंडी निघाली. मोठ्या स्विचनं ती दोन्ही वाटांनी छोट्याला दिली. छोट्यानं एका वाटेनं आलेली दुसऱ्या वाटेनं परत पाठवली. मोठ्यानं पुन्हा. शिवाय प्रत्येक फेरीला बाकीच्या पोर्टांतूनही प्रती बाहेर. दुसऱ्या थरावरच्या तुकड्याला आयुष्याची मर्यादा नसते, तो म्हातारा होत नाही. काही सेकंदांत सगळ्या वायरी त्याच एका दवंडीनं भरून जातात. दिवे माळेसारखे लागतात ते यामुळं.

फोनवर मी मॅनेजरना सांगितलं, "कपाटातल्या स्विचमधल्या वायरी एकेक करून काढा. एक काढली की पाच मोजा. दिवे शांत झाले की ती वायर हातात धरून ठेवा." सातव्या वायरीला दिवे शांत झाले. ती वायर कुठं जाते ते बघितलं तर रंगाऱ्याचं सॉकेट. मला निपाणीला जावंच लागलं नाही. पण बिल लावलं.

वायर काढताना एक पथ्य पाळा: काढलेली लगेच परत लावू नका आणि आधी कागदाच्या चिठ्ठीवर तिचा पोर्ट नंबर लिहा. नाहीतर दहा वायरी हातात आणि कुठली कुठं हे आठवत नाही. मला हे शिकायला चिकोडीतल्या एका शाळेत अख्खी दुपार घालवावी लागली.

या दुखण्यावर इलाज फार जुना आहे. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री शोधून काढली. १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली. स्विच आपसात बोलून एकाला मुख्य नेमतात, मुख्याकडं जायची एकच वाट चालू ठेवतात आणि जास्तीची वाट झोपवून ठेवतात. चालू वाट तुटली की झोपलेली उठते. मुख्य कोण हे एका आकड्यावरून ठरतं, लहान आकडा जिंकतो. सगळ्यांचा मूळ आकडा ३२७६८ असतो आणि बरोबरी झाली की लहान मॅक जिंकतो. म्हणजे काही न करता सोडलं तर बऱ्याचदा अडगळीतला जुनाट स्विच मुखिया होऊन बसतो. म्हणून मधल्या चांगल्या स्विचला ४०९६ द्या.

पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, बिनसेटिंगच्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. पाच टेबलांचं ऑफिस असेल तर चालतं. जिथं रंगारी, इलेक्ट्रिशियन, पाहुणे सगळे येतात-जातात तिथं मधला एक तरी स्विच सेटिंगवाला घ्या आणि त्यातली लूप, म्हणजे असं वर्तुळ, ओळखायची सोय चालू करा. आणखी एक. जुनी स्पॅनिंग ट्री नवीन लागलेल्या पोर्टला १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद थांबवून ठेवते. तेवढ्यात कॉम्प्युटर आयपी मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. ज्या पोर्टांवर फक्त कॉम्प्युटर आहेत तिथं 'एज पोर्ट' चालू करा, म्हणजे ते पोर्ट न थांबता लगेच सुरू होतं. स्विचला स्विच जोडलाय तिथं चुकूनही करू नका.

काट्यापाशी ब्रिज

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात वजनकाटा फाटकाजवळ आणि ऑफिस मागच्या टोकाला. मधे अंदाजे १४० मीटर. कुणीतरी सरळ तांब्याची वायर ओढून दिली होती. फाटकावरचा कन्नड वॉचमन मला बघितलं की म्हणायचा, "अक्का, नेट इल्री," म्हणजे ताई, नेट नाही. इथरनेटच्या तांब्याच्या वायरीला १०० मीटरची मर्यादा आहे, वायर कितीही महागाची घ्या. हा पहिल्या थरावरचा आजार. त्याला आयपी बदलून गुण येत नाही. आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर मी तशीही ओढत नाही. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, पावसाळ्यात वीज जवळ पडली की दोन्ही टोकांचे स्विच एकदम जातात. खानापूरकडं तर मी याची शपथच घेतलीय. फायबर टाका, प्रकाशाला अर्थिंग लागत नाही.

इथं ट्रकांच्या वाटेवर खोदायला मालक तयार नव्हते. म्हणून दोन छपरांवर दोन अँटेना, समोरासमोर. माझ्या पोरानं त्या बसवल्या, सिग्नल चांगला आला, फाटकावर इंटरनेटही चालू झालं, पण काट्याचं सॉफ्टवेअर ऑफिसातला सर्व्हर शोधू शकेना. दोन तास गेले. मग मी तोच प्रश्न विचारला, हा डबा कुठला पत्ता वाचतो? त्यानं अँटेना राउटर मोडमध्ये ठेवल्या होत्या. म्हणजे फाटकाची गल्ली वेगळी झाली आणि सर्व्हर शोधायची दवंडी हद्दीवरच थांबली. दोन्हीकडं ब्रिज मोड केला. आता अँटेनांची जोडी म्हणजे नुसती लांब वायर. मॅक जसाच्या तसा पलीकडं जातो, काट्याच्या कॉम्प्युटरला ऑफिसच्या गल्लीतलाच आयपी मिळतो. काट्याला इंग्रजीत वेब्रिज म्हणतात, त्यामुळं या कामाच्या बिलावर 'ब्रिज' शब्द तीनदा आला आणि हिशेबनिसांनी फोन करून विचारलं, पूल कुठं बांधला?

'ब्रिज मोड' हा शब्द तुम्हाला आणखी एका ठिकाणी भेटेल. फायबरवाले देतात तो डबा बहुतेक स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागं तुम्ही आपला राउटर लावला की पत्ते दोनदा बदलले जातात आणि बाहेरून कॅमेरे बघायचे असले की घोळ होतो. दोन राउटरपैकी एकाला ब्रिज करा. फायबरचा डबा ब्रिज केला तर तो वाचायचं सोडून फक्त पुढं ढकलतो, राउटरचं काम तुमच्या डब्याकडं. यासाठी फायबरवाल्याला फोन करावा लागतो, कारण लॉगिनचं नाव-पासवर्ड मग तुमच्या डब्यात टाकायचं असतं.

राउटर: गाडी बदलते, माणूस तोच

खानापूरहून कोल्हापूरला निघालाय आणि थेट गाडी चुकली. खानापूर ते बेळगाव एक बस, बेळगाव ते निपाणी दुसरी, निपाणीहून तिसरी. गाडी, कंडक्टर, तिकीट प्रत्येक वेळी नवं. तुम्ही तेच आणि जायचं कोल्हापूरलाच. राउटर हेच करतो. आलेल्या तुकड्यावरचं मॅकचं आवरण काढून फेकतो, आतला आयपी वाचतो, पुढची वाट ठरवतो आणि पुढच्या टप्प्याच्या मॅकचं नवं आवरण चढवतो. घरातून बाहेर पडताना खासगी आयपी बदलून सार्वजनिक करायचं काम तो वेगळं करतो, ते नॅट. ती त्याची जास्तीची नोकरी.

शिवाय प्रत्येक तुकड्यावर आयुष्याचा एक आकडा असतो. विंडोज १२८ पासून सुरू करतं, लिनक्स ६४ पासून. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झाला की तुकडा टाकून देतो. म्हणून तिसऱ्या थरावर वर्तुळ झालं तरी निपाणीसारखं वादळ होत नाही. काळ्या खिडकीत 'ट्रेसआरटी' लिहून पुढं ८.८.८.८ द्या; वाटेतले थांबे एकेक करून दिसतील. ते याच आकड्याच्या युक्तीनं दिसतात: आधी १ आयुष्य देऊन पाठवायचं, मग २, मग ३, आणि कोण टाकून देतंय ते बघायचं.

वाट ठरवताना राउटर यादी बघतो आणि सगळ्यात जास्त आकडे जुळणारी ओळ निवडतो. पिनकोडसारखंच. ५ शी जुळणारी पेटी आहे, ५९१ शी जुळणारीही आहे, तर ५९१ ची घ्यायची. काहीच जुळलं नाही तर शेवटची ओळ, ०.०.०.०, म्हणजे 'बाकी सगळं तिकडं'. घरच्या राउटरमध्ये जवळपास हीच एक ओळ कामाची असते.

याचा फटका कुठं बसतो ते सांगते. एका संस्थेचं मुख्य ऑफिस बेळगावला, शाखा निपाणीला, मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेली खासगी वाट. राउटर बसवणाऱ्यानं दोन्हीकडं मूळचंच १९२.१६८.१ ठेवलं होतं. निपाणीचा १९२.१६८.१.२० बेळगावच्या १९२.१६८.१.१० ला शोधतो. पहिले तीन आकडे सारखे, म्हणून त्याला वाटतं सर्व्हर आपल्याच गल्लीत आहे. तो गल्लीत हाका मारत बसतो, राउटरकडं जातच नाही. व्हीपीएन ठणठणीत, राउटर ठणठणीत, काम शून्य. दोन मारुती गल्ल्या झाल्या होत्या, दुसरं काही नाही.

त्यानंतर मी शाखांना पत्ते देताना आरटीओचे नंबर वापरते. बेळगावची गाडी केए २२, म्हणून बेळगावची ऑफिसं १०.२२ नं सुरू. चिकोडी-निपाणी केए २३, तिथं १०.२३. बैलहोंगल १०.२४, गोकाक १०.४९. कोल्हापूरला एक शाखा निघाली, एमएच ०९, तिला १०.९. तिसरा आकडा शाखेचा. आता बेळगावच्या राउटरला निपाणी-चिकोडीच्या सगळ्या शाखांसाठी एकच ओळ पुरते: १०.२३ दिसलं की त्या वाटेनं. आणि लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, १०.४९ दिसलं की पोरांना नकाशा न बघता कळतं, गोकाकचं कुणीतरी आहे. सीमाभागात इतर नंबरांवरून एवढी भांडणं होतात, इथं नंबर कामाला आले.

जुना राउटर स्विच म्हणून लावायचा असेल तर

प्रत्येक घरात एक जुना वायफाय राउटर पडलेला असतो आणि तो मागच्या खोलीत लावायचा मोह होतो. लावा, पण राउटर म्हणून नको. त्या डब्यात राउटर, स्विच आणि वायफाय असे तिघं राहतात. आपल्याला पहिल्याला झोपवायचंय. आधी त्याला एकट्या लॅपटॉपला जोडा. त्याचा स्वतःचा आयपी मुख्य राउटरच्या गल्लीतला पण मोकळा द्या, मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि हा आकडा मुख्याच्या वाटपाच्या यादीबाहेर ठेवा. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटायचं काम, बंद करा. मग मुख्य राउटरकडून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या गल्लीच्या पोर्टमध्ये, लावा. वॅनचं, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचं, वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामं ठेवा.

डीएचसीपी बंद करायचं विसरलं तर काय होतं? एका दवाखान्यात झालं. गल्लीत पत्ते वाटणारे दोन झाले. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घ्यायचा, असा नियम. निम्म्या कॉम्प्युटरांना बरोबर गेटवे मिळाला, निम्म्यांना जुन्या डब्याचा, ज्याच्यामागं काहीच नव्हतं. सकाळी चालणारं संध्याकाळी बंद, रीस्टार्ट केलं की कधी चालू कधी नाही. असं 'कधी-कधी' चालणारं दुखणं ऐकलं की मी आधी चार ओळींच्या वहीतला गेटवे आणि आत्ताचा गेटवे ताडून बघते.

कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच स्विचवर पण वेगळ्या गल्लीत ठेवायचं असेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेल्या वेगवेगळ्या गल्ल्या. स्विच तुकड्यावर चार बाइटांची चिठ्ठी लावतो, तीत गल्लीचा नंबर, १ ते ४०९४. दोन व्हीलॅनना आपसात बोलायचं असेल तर मधे राउटरच लागतो, किंवा राउटिंग येणारा लेयर थ्री स्विच.

खालून वर

बंद पडल्यावर माझा क्रम ठरलेला आहे आणि मी तो मोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. आधी पोर्टचा दिवा. नसेल तर वायर, पहिला थर, पुढं जायचंच नाही. दिवा आहे, मग आयपी. १६९.२५४ असेल तर पत्ता वाटणाऱ्यापर्यंत पोचत नाही. पत्ता बरोबर आहे, मग गेटवेला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून उत्तर येतं का बघायचं. उत्तर नाही तर 'एआरपी', जागा सोडून, आडवी रेघ आणि 'ए' टाइप करून यादीत गेटवेचा मॅक आलाय का बघा. मॅक आला असेल तर दुसरा थर शाबूत, गेटवे नुसता पिंगला गप्प बसलाय. मॅकच नसेल तर स्विचपाशी जा. गेटवे बोलतो, मग ८.८.८.८ ला पिंग. ते नाही तर राउटर किंवा फायबरवाला. ते चालतं पण वेबसाइट उघडत नाही, तर वेबसाइटच्या नावावरून आयपी शोधणारं डीएनएस. तिथं स्विचच्या कपाटाला हात लावू नका.

शेवटचं काम मार्करचं. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी चिकटवा: हा काय आहे, त्याचा आयपी असेल तर किती, आणि वरची वायर कुठून येते. राउटरकडं जाणाऱ्या वायरीवर मी दोन पट्ट्या लावते. एकीवर मराठीत 'काढू नये', दुसरीवर कन्नडमध्ये 'तेगीब्याड्री'. निपाणीच्या त्या सॉकेटावर आता दोन्ही आहेत, आणि सॉकेटाच्या तोंडात प्लास्टिकचं बूचही.